हजेरी आणि रहिवास : तात्पुरत्या रहिवाशांच्या साहाय्य-पात्रतेची समीक्षा
(संदर्भ : माळशिरस तालुक्यातील ऊसतोड मजूर)

बीजसंज्ञा : रहिवास, हजेरी, पात्रता, ऊसतोड मजूर, हंगामी स्थलांतर, लोकसाहाय्य.

१. प्रस्तावना

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार, विकलांगता आणि स्वतःचा दोष नसताना ओढवलेली हलाखी अशा प्रसंगी लोकसाहाय्य मिळण्याच्या हक्काचा निर्देश आहे. राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत त्यासाठी परिणामकारक तरतूद करावी, अशी तेथे अपेक्षा व्यक्त झाली आहे. या अनुच्छेदात हलाखीची कारणे सांगितली आहेत. हलाखीत सापडलेल्या माणसाचा पत्ता मात्र कोठेही विचारलेला नाही. याउलट, प्रत्यक्ष योजनांचे नियम वाचू लागले की पहिली अट रहिवासाची आढळते. संविधानातील ‘गरजू व्यक्ती’ योजनेपर्यंत येता येता ‘रहिवासी’ होते आणि या रूपांतरात काही माणसे गळून पडतात.

ही गळती समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात दरवर्षी हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोड मजुरांचा विचार केला आहे. रहिवास या निकषाची चिकित्सा करणे, प्रमुख योजना त्या निकषावर तपासणे आणि याच परिसराच्या इतिहासात व साहित्यात दिसणाऱ्या ‘हजेरी’ या पर्यायी निकषाकडे लक्ष वेधणे, एवढी या विवेचनाची व्याप्ती आहे.

२. माळशिरस : ऊस आणि माणसे

माळशिरस तालुका नीरा नदीच्या दक्षिणेस वसला आहे. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्याने या दुष्काळी मुलखाचा मोठा पट्टा बागायती झाला. सासवडच्या माळी समाजातील शेतकऱ्यांनी १९३०च्या दशकात माळीनगर येथे स्वतःच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. पुढे सहकाराच्या काळात अकलूजजवळील शंकरनगर, सदाशिवनगर आणि श्रीपूर येथे कारखानदारी वाढली. एका तालुक्यात इतके गाळप व्हायचे, तर ऊस तोडणारे हात बाहेरून येणे अपरिहार्य होते. हे हात प्रामुख्याने बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव अशा जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून येतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडल्यावर परततात. या व्यवसायात मोजणीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ असते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता. नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघे मिळून गाडी भरतात. वाढे विकून चार पैसे सुटतात. आजारपणामुळे काम चुकले तर खाडा लागतो आणि त्याची रक्कम उचलीच्या हिशेबात चढते. हिशेब सामान्यतः नवऱ्याच्या नावावर असतो. अर्ध्या कोयत्याचे काम करणारी स्त्री अनेकदा कोणत्याच वहीत स्वतःच्या नावाने नसते. मुक्काम उसाच्या फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर उभारलेल्या कोपीत असतो. कोपीला घरक्रमांक नसतो. साहाय्याच्या दृष्टीने पुढचा सारा प्रश्न या एका वाक्यात सामावलेला आहे.

३. ‘रहिवासी’ या संज्ञेची चिकित्सा

‘रहिवासी’ हा शब्द व्यवहारात सरळ वाटतो, परंतु शासनव्यवहारात त्याला एकच एक अर्थ नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २००७-०८मधील ६४व्या फेरीत अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या करताना गेल्या ३६५ दिवसांत रोजगारासाठी एक महिना किंवा अधिक, परंतु सहा महिन्यांपेक्षा कमी काळ गावाबाहेर राहिलेली व्यक्ती, अशी मर्यादा घातली होती. ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे पाच-सहा महिन्यांचा. म्हणजे हंगाम थोडा लांबला की तीच व्यक्ती या व्याख्येतून निसटू शकते. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५०च्या कलम २०मध्ये तात्पुरत्या गैरहजेरीमुळे माणसाचा सामान्य रहिवास संपत नाही, अशी स्पष्ट तरतूद आहे. मतदानाच्या संदर्भात ही तरतूद मजुराला त्याच्या गावाशी जोडून ठेवते आणि ते योग्यच आहे. परंतु साहाय्याच्या बाबतीत हेच जोडलेपण त्याला अडचणीत आणते, कारण मत वर्षानुवर्षांतून एकदा द्यायचे असते आणि अन्न रोज लागते.

याचा परिणाम दुहेरी होतो. मूळ गावात तो रहिवासी आहे, पण हंगामात हजर नाही. माळशिरसमध्ये तो हजर आहे, पण रहिवासी नाही. पहिल्या ठिकाणी त्याचा कागद आहे, दुसऱ्या ठिकाणी त्याची गरज आहे. दोन्ही ठिकाणच्या यंत्रणांना त्याला नाकारण्यासाठी वाईट हेतूची गरज पडत नाही. दोघीही आपापल्या नियमाप्रमाणे बरोबर असतात.

४. योजनांचे परीक्षण

४.१ निराधार अनुदान : १९८०पासून सुरू असलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेत अर्जदार किमान १५ वर्षे महाराष्ट्राचा रहिवासी असावा लागतो. बीड जिल्ह्यातील मजूर ही अट सहज पूर्ण करतो. अडचण पुढच्या पायरीवर आहे. अर्ज आपल्या तालुक्याच्या तहसील कार्यालयात, तलाठ्याच्या दाखल्यांसह करायचा आणि मंजुरी त्या तालुक्याच्या समितीने द्यायची, अशी रचना आहे. समजा, ऐन हंगामात माळशिरसच्या फडावर एखाद्या मजुराचा मृत्यू झाला. त्याची पत्नी त्या दिवसापासून निराधार झाली. कर्त्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून २०,००० रुपयांचे एकरकमी साहाय्य मिळू शकते. पण दोन्ही अर्जांसाठी तिला गावी परतावे लागते आणि परतण्याआधी उचलीचा हिशेब आडवा येतो. मंजूर झालेले अनुदान बँकखात्यामुळे राज्यभर कोठेही काढता येते, हे खरे. अनुदान प्रवास करते. मंजुरी प्रवास करीत नाही.

४.२ शिधा : या क्षेत्रात मात्र मूलभूत बदल झाला आहे. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार मिळणारे धान्य दीर्घकाळ ठरावीक दुकानाशी बांधलेले होते. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ योजनेचा प्रारंभ ऑगस्ट २०१९मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि तेलंगणा-आंध्र प्रदेश या जोड्यांपासून झाला. सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१च्या निकालात सर्व राज्यांना ३१ जुलै २०२१पर्यंत ही योजना लागू करण्याचा आदेश दिला. कुटुंबातील काही सदस्यांनी गावी आणि काहींनी कामाच्या ठिकाणी आपापला वाटा उचलण्याची सोयही या व्यवस्थेत आहे. म्हातारे आईवडील गावी आणि तरुण जोडपे फडावर, अशा कुटुंबासाठी ही सोय महत्त्वाची ठरते.

तथापि, हक्क हलता झाला म्हणजे तो हाती पडला असे होत नाही. पहाटे अंधारात फडावर गेलेला कोयता परततो तेव्हा दुकानाची वेळ टळलेली असते. दुकानात जाण्यासाठी दिवस मोडला तर खाडा लागतो. पाचटाने आणि कोयत्याच्या दांड्याने झिजलेला अंगठा यंत्रावर उमटेलच असे नाही. शिवाय दुकानदाराकडील साठा नेहमीच्या कार्डांच्या संख्येवर बेतलेला असेल, तर बाहेरच्या कार्डधारकाला धान्य देण्याची त्याची तयारी कमीच असणार. येथे निकष सुधारला आहे, पण निकषाभोवतीचे वेळापत्रक अजूनही स्थायिक माणसाचे आहे.

४.३ बालके, माता आणि आरोग्य : २०२१मध्ये सुरू झालेल्या पोषण ट्रॅकर प्रणालीत स्थलांतरित लाभार्थीची नोंद एका अंगणवाडीतून दुसऱ्या अंगणवाडीकडे वळविता येते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ राज्यातील कोणत्याही अंगीकृत रुग्णालयात घेता येतो. या दोन्ही व्यवस्था तत्त्वतः उपस्थितीला मान देतात. परंतु अंगणवाडी गावठाणात आणि कोपी तळावर, हे अंतर तंत्रज्ञानाने भरून निघत नाही. शिक्षणात उलटा प्रवास झालेला दिसतो. एके काळी कारखान्यांच्या परिसरात मुलांसाठी साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाल्यानंतर मुलांना मूळ गावीच हंगामी वसतिगृहात ठेवण्यावर भर आला. मुलाच्या शिक्षणातील सातत्यासाठी तो योग्य असेल. पण जे मूल आईवडिलांबरोबर आलेच, त्याच्यासाठी माळशिरसमध्ये कोणाची जबाबदारी उरते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

४.४ कल्याण महामंडळ : लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ ही या मजुरांसाठीची स्वतंत्र यंत्रणा आहे. तिच्या निधीसाठी गाळप झालेल्या उसावर प्रतिटन १० रुपये कारखान्यांनी आणि तितकीच रक्कम शासनाने द्यावी, अशी रचना करण्यात आली. २०२१मध्ये मजुरांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली. मजुरांची नोंदणी करून ओळखपत्र देण्याचे काम मूळ गावच्या ग्रामसेवकाकडे सोपविण्यात आले. ऊसतोड मजूर हा स्वतंत्र घटक म्हणून प्रथमच शासनाच्या वहीत आला, याचे महत्त्व नाकारता येत नाही. मात्र रचनेची दिशा पाहण्यासारखी आहे. निधी मोजला जातो तो जेथे ऊस गाळला जातो तेथे. ओळख मिळते आणि वसतिगृहे उभी राहतात ती जेथून मजूर निघतो तेथे. ज्या तालुक्यात तो वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग घालवतो, त्या तालुक्याच्या प्रशासनावर या रचनेत ठोस कर्तव्य येत नाही.

४.५ कायदा : आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा, १९७९ राज्याची सीमा ओलांडणाऱ्या मजुरांपुरता होता. त्याची जागा घेणाऱ्या २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनेही ‘आंतरराज्य’ ही मर्यादा ठेवली. बीडहून कर्नाटकातील कारखान्यावर जाणारा मजूर या व्याख्येत बसू शकतो. बीडहून माळशिरसला येणारा बसत नाही. दोघांची कोपी सारखीच असते.

५. साहित्यातील साक्ष

माळशिरसच्या दक्षिणेला माणदेश आणि पश्चिमेला फलटणचा मुलूख आहे. या दोन्ही परिसरांनी मराठीला रहिवासाच्या प्रश्नावर दोन महत्त्वाच्या कृती दिल्या. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने धनगरांची वाडी ओस पडते. निवेदक हा शाळामास्तर असल्यामुळे कादंबरी वाडीतच थांबते. वाडी सोडून जाणारी माणसे निवेदनाच्या कक्षेबाहेर जातात. परक्या मुलखात त्यांचे काय झाले, हे वाचकाला कळत नाही. माडगूळकरांच्या कलात्मक संयमाचा तो भाग आहे आणि त्यातच त्या कादंबरीची करुणा आहे. पण साहाय्य-व्यवस्थेचा विचार करताना एक साम्य जाणवते : शासनाची दृष्टीही अशीच वाडीत थांबलेल्या मास्तराची आहे. कोण निघून गेले ते तिला कळते. जे गेले ते कोठे पोचले, हे तिच्या कक्षेत येत नाही.

लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने ही दृष्टी फिरविली. १९८१चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या या आत्मकथनात निवेदन भटक्या कैकाडी कुटुंबाबरोबर, गाढवांवर लादलेल्या बिऱ्हाडाबरोबर चालते. वाचक प्रथमच गावाकडे बाहेरून पाहतो. या आत्मकथनाची चर्चा प्रामुख्याने जातिव्यवस्था, जातपंचायत आणि शिक्षणाने घडलेले परिवर्तन या अंगांनी होत आली आहे, आणि ती रास्त आहे. त्यात आणखी एका अंगाची भर घालता येते. ‘उपरा’ हे रहिवास नसलेल्या नागरिकत्वाचेही आत्मकथन आहे. उपरेपण हा माणसाचा गुण नसतो. ते गावाने आणि गावाच्या कागदाने त्याच्याशी जोडलेले नाते असते. ऊसतोड मजुराला स्वतःचे गाव, घर आणि शिधापत्रिका आहे, म्हणून तो मानेंच्या अर्थाने उपरा नाही. तरीही वर्षातील पाच-सहा महिने तो उपऱ्याच्या स्थितीत असतो. हे हंगामी उपरेपण समजून घेण्यासाठी मराठी समीक्षेला ‘उपरा’कडे नव्याने जावे लागेल.

६. हजेरीच्या तीन परंपरा

तात्पुरत्या माणसाची नोंद ठेवणे प्रशासकीयदृष्ट्या अशक्य आहे, असा युक्तिवाद केला जातो. या परिसराचा इतिहास तो खोडून काढतो.

पहिली परंपरा पाळतीची. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची कक्षा १९११च्या कायद्याने मुंबई इलाख्यापर्यंत वाढली. कैकाडी, भामटा, पारधी आदी जमातींतील माणसांना हजेरी देणे भाग पडे. सोलापूर येथे तारेच्या कुंपणातील सेटलमेंट उभी होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. भटक्या माणसाचा माग ठेवायचा असे शासनाने ठरविले, तेव्हा पत्त्याचा अभाव आड आला नाही.

दुसरी परंपरा हिशेबाची. मुकादमाची वही, कारखान्याची टोळीनोंद आणि प्रत्येक गाडीची वजनपावती यांतून कोणती टोळी कोणत्या दिवशी कोणत्या फडावर होती, हे कळू शकते. मजुराच्या हंगामी उपस्थितीचा याहून तपशीलवार पुरावा महसूल खात्याकडे नसेल.

तिसरी परंपरा सेवेची. दर आषाढात संत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात येते आणि नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करते. संत तुकाराम महाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. लाखो वारकऱ्यांसाठी पाण्याचे टँकर, आरोग्य पथके, तात्पुरती शौचालये, निवाऱ्याचे मंडप उभे राहतात. कोणाकडेही रहिवासी दाखला मागितला जात नाही. सदाशिवनगर, अकलूज आणि माळीनगर ही रिंगणाची ठिकाणे आहेत आणि हीच कारखानदारीचीही ठिकाणे आहेत. जो तालुका आषाढात केवळ उपस्थितीला पुरेसा आधार मानतो, तोच तालुका मार्गशीर्षात पत्ता विचारतो. अर्थात वारी दोन-चार दिवसांची असते, तिच्यामागे श्रद्धेचे पाठबळ असते आणि वारकरी मदतीचा अर्जदार म्हणून येत नाही. त्यामुळे ही तुलना मर्यादेतच घ्यावी लागते. पण क्षमता आहे, एवढे तिच्यातून निर्विवाद सिद्ध होते.

मार्च-एप्रिल २०२०मध्ये टाळेबंदीच्या काळात या क्षमतेची कसोटी लागली. लाखाहून अधिक ऊसतोड मजूर राज्यभरातील कारखान्यांच्या परिसरात अडकले. त्यांच्या निवासाची, भोजनाची आणि औषधोपचाराची व्यवस्था संबंधित कारखान्यांनी करावी, असे शासनाने ठरविले आणि १७ एप्रिल २०२० रोजी त्यांना तपासणीनंतर गावी जाण्याची परवानगी दिली. मे २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील स्थलांतरितांना कोरडा शिधा देताना ओळखपत्राचा आग्रह धरू नये, असे सांगितले. आपत्तीत जे तत्त्व मान्य झाले, ते प्रत्येक हंगामात अमान्य का असावे, हा प्रश्न तेव्हापासून अनुत्तरित आहे.

७. तौलनिक दृष्टी

हा प्रश्न केवळ महाराष्ट्राचा नाही. इंग्लंडमध्ये १६०१च्या गरीब कायद्याने दरिद्री माणसाची जबाबदारी स्थानिक पॅरिशवर टाकली. त्यामुळे ‘हा गरीब कोणाचा’ हा वाद सुरू झाला आणि १६६२च्या वसाहत कायद्याने परगावच्या गरिबाला त्याच्या मूळ पॅरिशमध्ये परत पाठविण्याचा अधिकार दिला. पुढे अॅडम स्मिथने श्रमाच्या मुक्त हालचालीला अडथळा म्हणून या कायद्यावर कठोर टीका केली. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाने १९६९च्या शपिरो विरुद्ध थॉम्पसन खटल्यात साहाय्यासाठी एक वर्षाच्या वास्तव्याची अट घटनाबाह्य ठरविली. अशी अट प्रवासाच्या हक्कावर दंड बसविते, असा त्यामागचा विचार होता. भारतात अनुच्छेद १९ने देशभर संचार व वास्तव्याचे स्वातंत्र्य दिले आहे. कोपीत राहणाऱ्याचे साहाय्य गावी अडकून पडत असेल, तर त्याच्या संचारस्वातंत्र्यावरही एक न लिहिलेला दंड बसतो. यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातमधील बारडोली परिसरात खानदेशातून येणाऱ्या ऊसतोड मजुरांचा अभ्यास करताना दाखविले, की बाहेरून मजूर आणण्यामागे केवळ स्थानिक मजुरांची टंचाई नसते; परका मजूर अधिक अंकित राहतो, हेही कारण असते. साहाय्याचा अभाव या अंकितपणात भर घालतो. तहसील कार्यालयाचे दार बंद असेल, तर आजारपणात मुकादमाकडे हात पसरणे एवढाच मार्ग उरतो आणि उचल वाढते.

८. आक्षेप आणि विचार

उपस्थितीच्या निकषावर तीन आक्षेप संभवतात. एक, दुबार लाभ होईल. दोन, एका तालुक्याचा निधी दुसऱ्या तालुक्याच्या माणसांवर खर्च होईल. तीन, तात्पुरत्या माणसाची खरी आर्थिक स्थिती तपासणे कठीण जाईल. पहिला आक्षेप शिधावाटपातील राज्यव्यापी संगणकीय नोंदीने बराचसा निष्प्रभ केला आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे, कारण या मजुराचे मत माळशिरसमध्ये नसते आणि स्थानिक समितीला त्याच्याविषयी उत्तर द्यावे लागत नाही. परंतु त्याच्या श्रमाने याच तालुक्यातील गाळप होते, हेही हिशेबात धरले पाहिजे. तिसरा आक्षेप दीर्घकालीन अनुदानाच्या बाबतीत ग्राह्य आहे.

म्हणून सर्वच साहाय्य उपस्थितीवर द्यावे, असे म्हणणे टोकाचे ठरेल. येथे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. अन्न, बालपोषण, प्रसूती, अपघात आणि कर्त्याचा मृत्यू या गरजा थांबू शकत नाहीत. त्यांच्यासाठी हजेरी हाच निकष असावा. मासिक अनुदानासारखे दीर्घकालीन साहाय्य मूळ रहिवासाशी जोडलेले राहू शकते. मात्र त्याचा अर्ज व पडताळणी राज्यातील कोणत्याही तहसील कार्यालयात स्वीकारली जावी. त्यासाठी हंगामाच्या आरंभी प्रत्येक कारखान्याने मजुरांची यादी तहसीलदारांना द्यावी आणि तिच्यात स्त्रीची नोंद ‘कोयत्या’त विरून न जाता तिच्या स्वतःच्या नावाने असावी. शिधादुकानाची वेळ तळाच्या दिनक्रमाशी जुळवावी, आणि कल्याण निधीचा काही हिस्सा ज्या तालुक्यात तो गोळा होतो तेथेच मजुरांवर खर्च व्हावा.

९. निष्कर्ष

१. रहिवास हा निकष प्रशासनाच्या सोयीतून आला आहे. अनुच्छेद ४१मध्ये त्याला आधार सापडत नाही.

२. शिधा व आरोग्य या क्षेत्रांत हक्क हलता झाला आहे. मंजुरी, वेळ आणि ठिकाण यांच्या पातळीवर तो अजून स्थिर आहे.

३. ऊसतोड मजुरांसाठीच्या स्वतंत्र यंत्रणेचे लक्ष मुख्यतः मूळ गावावर केंद्रित असून गंतव्य तालुक्याची जबाबदारी तिच्यात पुरेशी निश्चित झालेली नाही.

४. पाळत, हिशेब आणि वारी या तिन्ही परंपरांनी तात्पुरत्या माणसाची दखल घेता येते हे दाखविले आहे. साहाय्याच्या क्षेत्रात तिचा अभाव असेल, तर तो क्षमतेचा अभाव मानता येत नाही.

माळशिरसच्या फडावरचा मजूर कारखान्याच्या वहीत हजर असतो. त्याच दिवशी तो तहसीलच्या वहीतही हजर असावा, एवढीच ही मागणी आहे.